दिव्याला हाक मारायची?

गडहिंग्लजहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "मुलगा बंगळूरला असतो. दिवाळीत येऊन सगळं घर 'स्मार्ट' करून देतो म्हणतोय. दिवे, पंखे, गिझर, सगळं फोनवरून चालणार, विजेचं बिल निम्म्यावर येणार, असं त्याचं म्हणणं. घरात मी, माझे पती आणि ऐंशीच्या पुढच्या सासूबाई. खर्च तोच करणार आहे, तरी मन घेत नाही. तुमच्याकडं असं काही केलं असेल तर कळवा."

केलं आहे बाई, केलं आहे! आणि त्यातलं निम्मं काढूनही टाकलं आहे. तेव्हा उत्तर जरा ऐसपैसच देते. चहाचा कप घेऊन बसा.

आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. मागच्या अंगणात आड आहे, न्हाणीत तांब्याचा बंब अजून उभा आहे, नि छप्पर कौलारू. राहणारी माणसं तीनच. हे, मी आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. चिरंजीव आणि सूनबाई पुण्याला. २०२४ च्या गणपतीत चिरंजीव आले ते दोन खोकी घेऊन. आतून निघाले बारा दिवे, दोन कॅमेरे, चार प्लग आणि मुठीएवढी एक बोलकी डबी. दोन दिवस शिडीवर चढून त्यानं सगळं एकट्यानं बसवलं. मोदक खायला सुद्धा खाली उतरेना.

ह्या दिव्यांची रीत अशी, की भिंतीवरचं बटण कायम चालूच ठेवायचं. दिवा लावायचा नि मालवायचा तो फोनवरून, नाहीतर डबीला सांगून. बटण कुणी बंद केलं तर दिव्याला हुकूमच पोचत नाही. आमच्या हातांना तर पन्नास वर्षांची सवय. खोलीबाहेर पडलं की हात आपोआप बटणाकडं जातो. म्हणून चिरंजिवांनी सगळ्या बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये'.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दिव्याला हाक मारायची? आणि दिवा ओ देतो व्हय?"

पहिले आठ दिवस मोठी गंमत झाली. आमच्या डबीला मराठी कळेना. हे इंग्रजीतून हुकूम सोडायचे, पण आमच्या कोल्हापुरात 'हॉल'चा 'हाल' होतो. हे 'हाल' म्हणायचे नि डबी माफी मागायची. शेजारच्या वहिनी मुद्दाम संध्याकाळी बघायला यायच्या. सासूबाई डबीला म्हणायच्या, "एवढ्या लांबनं आलीयास, आता चार शब्द शीक की मराठीचे!" हसून हसून पुरेवाट झाली.

मग आली नवरात्रातली पंचमी. आम्ही दोघं टेंबलाईच्या टेकडीवर जत्रेला गेलो आणि तिथून परस्पर नणंदेकडं. संध्याकाळी वळवासारखा पाऊस कोसळला. घरी पोचायला साडेआठ झाले. गल्लीत सगळ्यांकडं उजेड, आमचंच घर काळंठिक्कर. माझ्या पोटात धस्स झालं. आत गेले तर सोप्यात पंखा गरगर फिरतोय, म्हणजे वीज आहे. देवघरात नवरात्राची समई तेवढी तेवत होती आणि तिच्या उजेडाला सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आई, अंधारात का बसलात? दिवा का नाही लावलात?"

"चारदा सांगितलं त्या डबीला. काहीतरी इंग्रजीत बोलली आणि गप बसली. बटणाला हात लावायचा नाही ना?"

त्यांनी तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं. वर्गात मुलीनं बाईंना सांगावं तशा सांगत होत्या. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. तो स्वर मला ओळखू येतो.

झालं होतं एवढंच, की पावसात इंटरनेट गेलं होतं. डबीला ऐकू येतं ते सगळं ती आधी लांब कुठंतरी कळवते, तिथून उत्तर आलं की मग आपल्या डोक्यावरचा दिवा लागतो. मधला धागा तुटला की डबी मुकी. खरं म्हणजे बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर तो दिवा आपोआप लागला असता. तशी सोय त्यात असते. पण ते सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. उलट 'हात लावू नये' म्हणून मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

त्या रात्री मला झोप येईना. एकसारखा २०१९ चा ऑगस्ट आठवत होता. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तो काढला आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर रस्ता बंद, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही, शहराच्या मोठ्या भागात वीज नाही. दुधाळीकडचे आमचे नातेवाईक अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं आले. घरात सोळा माणसं. त्या दिवसांत घर चालवलं कुणी? मी नव्हे. माझा मिक्सर बंद, तिथंच मी अर्धी झाले होते. चालवलं सासूबाईंनी. आडावर दोर टाकून पाणी शेंदायला पोरांना लावलं, बंब पेटवून बाळंतिणीला ऊन पाणी दिलं, पाट्यावर चटणी वाटून घेतली, दिवेलागणीला कुठल्या कोनाड्यात पणती ठेवली की जिना दिसतो ते त्यांनाच ठाऊक. दुसरा महापूर २०२१ च्या जुलैत आला, तेव्हाही तेच. आणि त्याच बाई तीन वर्षांनी स्वतःच्या घरात दीड तास अंधारात बसल्या होत्या, कारण दिवा लावायची त्यांना मुभा नव्हती.

यंत्रं वाईट असं मी म्हणत नाही. आपण कोल्हापूरकर तर आपोआप चालणाऱ्या यंत्राच्या भरवशावरच पावसाळा काढतो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या भारानं एकेक दरवाजा आपला आपण उघडतो, पाणी उतरलं की मिटतो. बटण नाही, वीज नाही, कुणाची परवानगी नाही. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' एवढं ऐकलं की सासूबाई धान्याचे डबे माळ्यावर चढवायला सांगतात. यंत्र असं असावं, की ज्या संकटासाठी ते बसवलं त्याच संकटात ते आधी बंद पडू नये. आमच्या डबीचं नेमकं उलटं होतं.

आता बिलाचं बघू. तुमच्या मुलाला ती गोष्ट पटवायला आकडेच लागतील, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

आमचा वापर आधी महिन्याला २०५ युनिटं. घर स्मार्ट झाल्यावर किती झाला असेल? २१३! चिरंजिवांनाच खरं वाटेना. पण हिशेब सरळ आहे. दोन कॅमेरे, डबी आणि हुकमाची वाट बघत सतत जागे राहणारे बारा दिवे, सगळं मिळून १८ वॅट. ऐकायला किरकोळ, पण चोवीस तास, महिनाभर धरलं की १३ युनिटं होतात. आणि वाचलं काय? तर विसरून राहिलेले दिवे. हल्लीचा एलईडी दिवा ९ वॅटचा. तो विसरून रात्रभर दहा तास जळला, तरी एक युनिट व्हायला अकरा रात्री लागतात. उलट २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. म्हणजे अकरा रात्रींचा विसराळूपणा आणि अर्ध्या तासाचं ऊन पाणी, बरोबरी! ६० वॅटचे पिवळे दिवे होते तेव्हा दिवा मालवण्यावरून घरात भांडणं व्हायची ती ठीक होती. आता भांडायचंच तर गिझरवरून भांडावं.

ह्या साऱ्या सरंजामात एकच वस्तू सोन्याची निघाली, ती म्हणजे वीज मोजणारा प्लग. ज्या उपकरणाला लावाल ते दिवसभरात किती वीज खातं, तो आकडा फोनवर दिसतो. मी तो फ्रिजला लावला आणि कपाळाला हात लावला. रोजची दोन युनिटं! दाराचं रबर सैल झालं होतं. (पाहायची युक्ती सांगते. दारात पोस्टकार्डाएवढा कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. अलगद निघून आला की समजा गारवाही तिथूनच निघून जातोय.) रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, मागच्या जाळीवरची धूळ ब्रशनं काढली. रोजची दोनाची दीड युनिटं झाली. मग पंखे. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे; नवे बीएलडीसी जातीचे साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. रोज १४ तास फिरणारा एक पंखा बदलला की महिन्याला १९ युनिटं वाचतात. आम्ही दोन बदलले. गिझर आंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं लावायचा नि बादली भरली की बंद, असा नेम केला. पूर्वी पहाटे लागायचा तो ह्यांची दाढी होईपर्यंत चालू. आता बिल दीडशे युनिटांच्या आसपास येतं. शंभर युनिटांच्या पुढं दर एकदम चढतो, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं; तेव्हा वाचलेलं युनिट हे नेहमी महागातलं युनिट असतं, हे ध्यानात घ्या.

पण बिलापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. एक कॅमेरा त्यानं सोप्यात लावला होता, "आजीवर लक्ष राहील" म्हणून. सुरुवातीला सासूबाई खूश. दुपारी पुण्याहून फोन यायचा, "आजी, गोळी घेतलीस का?" त्या कॅमेऱ्याकडं बघून हात हलवायच्या. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की जेवण झाल्यावर त्या सोप्यातल्या आपल्या आरामखुर्चीत दिसतच नाहीत. शोधलं तर धान्याच्या खोलीत, पोत्यांच्या मध्ये चटई टाकून पडलेल्या. तिथं ना पंखा, ना वारा.

"इथं का आई?"

"तिथं तो बघतोय की."

"अहो, तुमचा नातूच आहे तो."

"नातू असला म्हणून काय झालं? दुपारचं जरा पदर सैल करून, पाय वर घेऊन पडावं माणसानं. एकटीनं गुळ-शेंगदाणे खावेत. मी काय चोवीस तास आजीच असायचं?"

मैत्रिणींनो, मी सासू-सुनेच्या नात्यावर ह्या पानातून पुष्कळ लिहिलं आहे, पण हे वाक्य मला सुचलं नसतं. चाळीस वर्षं त्या सोप्यातली ती खुर्ची त्यांची होती. सासरे असताना दुपारी त्या स्वयंपाकघरातच पडायच्या. खुर्ची त्यांच्या वाट्याला आली तीच उशिरा. आणि आता नातवाच्या मायेनं तीही गेली.

दिवाळीत चिरंजीव आले तेव्हा मी सगळं सांगितलं. म्हटलं, कॅमेरा काढ. तो चिडला. म्हणाला, "आई, मी काही हौस म्हणून केलं नाही हे. गेल्या पावसाळ्यात आजी न्हाणीत घसरली, हात मोडला, आणि तुम्ही मला तीन दिवसांनी सांगितलंत! त्या दिवसापासून रात्री दोन-दोनदा उठतो मी. तो कॅमेरा लावून बघतो, आजीचा बिछाना दिसतो का."

मी गप्प झाले. खरंच होतं ते. "उगीच पोराला घोर कशाला" म्हणून आम्हीच लपवलं होतं. त्याचं चुकलं म्हणायला गेले आणि माझंच निघालं. दोघंही डोळे पुसत बसलो. सासूबाईंनी आतून विचारलं, "चकली कुणाची करपली काय?"

शेवटी तिघांनी बसून तह केला. सोप्यातला कॅमेरा निघाला तो बाहेरच्या दाराशी गेला. तिथं त्याचा उपयोग आहे. कोण आलं ते दार न उघडता कळतं. न्हाणीत आणि जिन्याला आधाराचे दांडे बसवले, खाली रबरी पट्ट्या टाकल्या. हे काम खरं तर पहिल्यांदा करायचं होतं, आणि त्याला वीज लागतच नाही. हुकमाचे दिवे काढले, साधे लावले. फक्त दोन ठिकाणी वायरमनकडून बटणाच्या पाठीमागं बसणारी छोटी पेटी बसवून घेतली. हिच्यात हातानंही दिवा लागतो नि फोनवरूनही. नेट गेलं तरी बटण बटणच राहतं. चिकटपट्ट्या सासूबाईंनी स्वतः नखानं खरवडून काढल्या. आणि काही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा, असं मी चिरंजिवांना वचन दिलं.

तेव्हा गडहिंग्लजच्या ताई, मुलाला नाही म्हणू नका. लांब राहणाऱ्या पोराला आई-बापासाठी काहीतरी हातानं करायचं असतं. त्याला काम द्या. पण बटण हातानं चालेल असंच घ्या म्हणावं, आणि बसवून झालं की आधी सासूबाईंना एकट्यानं दिवा लावायला सांगा. त्यांना जमला तरच पैसे वसूल. प्लग गिझरला लावायचा असेल तर १६ अँपिअरचाच मागा, लहान प्लग तापून जळतो. फोनवरून गिझर लावायचा मोह तर टाळाच. पुण्यात बसून कोल्हापूरच्या न्हाणीत पाणी आहे की नाही ते कसं कळणार? आणि तुमचं छप्पर पक्कं, उन्हातलं असेल तर दिव्यांवर खर्च करण्यापेक्षा त्याला सौर पॅनेलचं विचारा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. आमच्या कौलांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून राहिलं.

पत्राच्या शेवटी तुम्ही स्मार्ट मीटरचंही विचारलं आहे. ते प्रकरण अगदी निराळं. नावाचा घोटाळा होतो. तो मीटर वीज कंपनीचा, आपलं रीडिंग आपण कळवणारा. आधी पैसे भरा नि मग वीज, ह्या प्रीपेड प्रकाराला २०२४ साली राज्यभर विरोध झाला, आपल्या इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना त्यात पुढं होती. तेव्हा सर्वसामान्य घरांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं. नव्या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ह्या वेळेतल्या विजेला युनिटमागं थोडी सवलत २०२५ च्या जुलैपासून जाहीर झाली आहे. तुमच्याकडं असा मीटर बसला असेल तर कपड्यांचं यंत्र, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी चालवा आणि सवलत बिलात उतरली का ते चष्मा लावून बघा.

आमच्याकडं त्या पेट्या कुठल्या दोन ठिकाणी बसवल्या, ते सांगायचं राहिलंच. एक जिन्यावर. दुसरी देवघरात, आणि ती सासूबाईंनी होऊन मागून घेतली. पहाटे साडेपाचला त्या पूजेला बसतात नि देवघरातल्या दिव्याचं बटण दाबतात, की पुण्याला चिरंजिवांच्या फोनवर खूण उमटते. आजी उठली. एवढंच. कॅमेरा नाही, बोलणं नाही.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आठ-दहा दिवस चिरंजिवांचा फोन नव्हता, कामाची गडबड. एका पहाटे मी उठून आले तर देवघर अंधारं. समईच्या उजेडात सासूबाई शांतपणे फुलं वाहत बसलेल्या.

"आई, दिवा लावला नाहीत?"

"देवाला समई पुरते."

सहाला दहा मिनिटं असताना माझा फोन वाजला. पलीकडं चिरंजीव, धाप लागलेले. "आई, आजी बरी आहे ना?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी ऊदबत्ती लावली, मग फोन कानाला लावला नि म्हणाल्या, "बरी आहे रे. तुझं लक्ष आहे का तेवढं बघितलं."